नकाशावरचं पांढरं गाव

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, "आजोबा गेल्यावर तू दिवसभर एकटी काय करायचीस?" मी म्हटलं, "वाचन, कुंड्या, असंच काहीतरी." ते खरं नव्हतं. त्या वर्षी मी शाळेतल्या मुलांच्या शीच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही हसत सुटला असतात आणि पुढचं ऐकलं नसतंत. म्हणून लिहिते आहे.

दोन हजार साल उलटून थोडे दिवस झाले होते. पालघर जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता, वसईची सगळी सरकारी कागदपत्रं ठाण्याला जात. मी शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. आजोबा एका सकाळी दाढी करता करता खाली बसले आणि दुपारपर्यंत सगळं संपलं, त्यालाही पाच महिने झाले होते. बँक, पेन्शन, सोसायटीचा दाखला, त्यांचे कपडे देऊन टाकणं, हे सगळं मी दीड महिन्यात उरकलं. प्रत्येक कामाची वेगळी फाइल केली. शेजारी म्हणत, किती धीराची बाई. धीर वगैरे काही नव्हता. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, आपलाच पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटावा असा, तशी मी सगळी झाले होते. चहात साखर पडली आहे की नाही हे पिऊनही कळत नसे.

अशात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. ती आता डॉक्टर होती, जंतांवर काम करणारी. सांत्वनाचं बोलून झाल्यावर ती मुद्द्यावर आली.

"टीचर, मला एक माणूस हवंय. पगार थोडा आहे, काम घाण आहे."

"किती घाण?"

"शाळाशाळांतून मुलांच्या शीचे नमुने गोळा करायचे. प्रत्येक डबीला नंबर, प्रत्येक नंबरची रजिस्टरमध्ये नोंद. तुमच्यासारखं रजिस्टर ठेवणारं मला दुसरं कुणी सापडत नाही."

मी हो म्हटलं. विचार केला नाही. सकाळी कुठेतरी जायला मिळेल एवढंच डोक्यात आलं.

काम असं होतं. डहाणूपासून खाली सावंतवाडीपर्यंतच्या किनारपट्टीचा एक नकाशा बनवायचा होता. कुठल्या भागातल्या मुलांच्या पोटात जंत जास्त, कुठे कमी, ते रंगांत दाखवणारा. सगळ्या गावांत जाणं शक्य नव्हतं. म्हणून थोडी गावं निवडायची, प्रत्येक गावातल्या शाळेतली पन्नास मुलं तपासायची आणि मधल्या गावांचा अंदाज कॉम्प्युटरवर बांधायचा. माती वाळूची की चिकणमाती, पाऊस किती, शेजारच्या गावात काय सापडलं, हे सगळं त्यात घालायचं. नकाशावर चौकटी पडत. लाल म्हणजे फार, नारिंगी मध्यम, पिवळी थोडे, पांढरी म्हणजे जवळजवळ नाहीत. लाल आणि नारिंगी भागात दर सहा महिन्यांनी सगळ्या मुलांना गोळ्या मिळणार होत्या. पांढऱ्या भागात काहीच येणार नव्हतं.

आमचं ऑफिस तुळिंजला होतं, बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. खाली दिवसभर स्टीलचा खडखडाट. आतल्या खोलीत दोन मुली मायक्रोस्कोपला डोळा लावून अंडी मोजत. जंत दिसत नाहीत, त्यांची अंडी दिसतात. पहिल्या दिवशी त्या मुलींनी मला अत्तर लावलेला रुमाल देऊ केला. मी तो परत दिला. मला वास येतच नव्हता.

रजिस्टरचे रकाने मीच आखले. नंबर, नाव, वय, इयत्ता, घरात संडास आहे का, पायात चपला आहेत का. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा होता, कारण आमच्या किनाऱ्यावर सापडणारे हूकवर्म नावाचे बारीक जंत ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात, तिथून फिरत आतड्यात पोचतात आणि तिथे रक्त पीत राहतात. मूल पांढरंफटक होतं, दमतं, माती नाहीतर चुना खायला लागतं.

वसई विभागातल्या चार शाळा माझ्याकडे होत्या. त्यातलं एक गाव वसईतल्या होळी नावाच्या बाजाराच्या पलीकडचं, केळीच्या आणि भाजीच्या वाड्यांचं. बहुतेक घरं ख्रिस्ती, जुनी, नीटनेटकी, दारात सोनचाफा. तिथली एक बाई मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या इमारतीत भाजी घेऊन यायची. तिची चौथीतली मुलगी सुट्टीच्या दिवशी बरोबर असे. आई माझ्या दारात दुधी तोलत असताना ही मुलगी जिन्यातल्या भिंतीचे पोपडे काढून तोंडात टाके.

"टीचर, हिला ओरडा जरा," आई म्हणे. "आमची भिंत संपवली, आता तुमची बिल्डिंग खायला आणलीय."

ही मुलगी त्या पन्नासांतली एक होती.

दुसऱ्या शाळांत आमचे लोक आदल्या संध्याकाळी डब्या वाटत आणि सकाळी गोळा करत. कळंबला तर गाडी बंद पडली म्हणून डब्या दिवेलागणीला पोचल्या होत्या. मला हा गबाळेपणा आवडला नाही. माझ्या शाळांत मी पंधरा दिवस आधी नोटीस दिली, मुद्द्यांना आकडे घालून, टाइप करून. वाडीच्या गावात तर पालकांची सभासुद्धा घेतली. बाया आल्या, बाकांवर दाटीवाटीने बसल्या. आपसात त्या त्यांच्या बोलीत बोलत, माझ्याशी शाळेतल्यासारखं मराठी.

"टीचर, आमच्या पोरांची शी तुम्ही बघणार?"

"मी नाही, डॉक्टर बघणार आहेत. त्या बाईच आहेत."

"त्यांचं लगीन झालंय का?"

"झालंय. का?"

"नाही, असं बघून आल्यावर घरी वाढतात कशा, ते नवऱ्याला विचारायचं होतं."

सगळ्या हसल्या. मग मागून एकीने विचारलं, "पायातून जंत शिरतो म्हणता, मग पोटात कशाला जातो? गुडघ्यात राहायला काय होतं त्याला?" पुन्हा हशा. मी रक्तवाहिन्यांचं चित्र फळ्यावर काढून समजावलं.

मग भाजीवाली उठली. "ज्याच्या पोटात सापडतील, त्याचं नाव?"

"रजिस्टरमध्ये नोंद होईल," मी म्हटलं.

"आणि गावाचं?"

"गावाचीही होईल. नकाशावर."

त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. सभा वेळेत संपली. चाळीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई मी. गप्प बसलेला वर्ग म्हणजे समजलेला वर्ग नव्हे, हे मला माहीत असायला हवं होतं. पण त्या दिवसांत कानावर पडलेलं आत उतरत नसे. त्याच आठवड्यात माझ्या घराच्या इमारतीखालचा औषधवाला म्हणाला होता, "काय साथ आलीय कळत नाही, टीचर. जंताच्या औषधाच्या बाटल्या एका दिवसात संपल्या." मी माझी रक्तदाबाची गोळी घेऊन वर आले.

ठरल्या दिवशी पन्नासच्या पन्नास डब्या आल्या. घासलेल्या, कोरड्या, झाकणं घट्ट. मुलं आंघोळ करून, केसांना तेल लावून, चपला घालून आली होती. मी चपलांच्या रकान्यात पन्नास वेळा 'आहेत' लिहिलं.

तुळिंजला त्या गावाचे निकाल लागले तेव्हा डॉक्टर बाहेरच्या खोलीत आली.

"टीचर, पन्नास शून्यं?"

"मीही पाहिलं."

"डब्या मुलांच्याच होत्या ना? कधीकधी एकाच पोराची वाटून भरतात."

"माझ्या रजिस्टरमध्ये असं होत नाही," मी म्हटलं. आवाज जरा चढला असावा, कारण ती लगेच म्हणाली, "नाही नाही, टीचर, सहज विचारलं." ती शून्यं तशीच पुढे गेली. मला अजून ते पान दिसतं. एकाखाली एक, एका रेषेत. हस्ताक्षराचा नमुना म्हणून वर्गात दाखवावं असं.

पुढच्या पावसाळ्यात नकाशाचा कच्चा मसुदा आला. वसईच्या पश्चिमेला एक पांढरा डाग होता. त्या वाडीच्या गावाची एक चौकट नव्हे, आजूबाजूच्याही बऱ्याच. "तुमच्या शून्यांनी शेजाऱ्यांनाही धुऊन काढलं," डॉक्टर कौतुकाने म्हणाली. महिन्याभरात तो ठाण्याला पाठवायचा होता. मग कुठल्या भागाला गोळ्या ते ठरणार होतं.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी भाजीवाली उशिरा आली. मुलगी बरोबर होती. दोन मजले चढताना मधेच पायरीवर बसली होती, आई तिला काखेत धरून वर घेऊन आली.

"शाळेत प्रार्थनेला उभी होती तिथेच पडली," आई म्हणाली. "अशक्तपणा. टॉनिक आणलंय."

मी म्हटलं, "जंत तर नाहीत तिला. आपण तपासलंय."

ती हसली, भाजी निवडता निवडता सहज. "तेव्हा कसे सापडतील? आम्ही सगळ्यांनी आधी औषध पाजलं होतं ना! तुम्ही पंधरा दिवस आधी सांगून ठेवलंत, म्हणून बरं पडलं. पोरं ओकली पण पाजलं."

"सगळ्यांनी?"

"सगळ्या गावानं. फादर घराला आशीर्वाद द्यायला येतात तेव्हा आपण घर झाडतो का नाही? डॉक्टर पोट बघणार म्हटल्यावर पोट झाडायला नको?" मग ती माझ्या तोंडाकडे बघून थांबली. "पण तुम्ही बोलू नका कुठं. जंताचं गाव म्हणून नाव झालं तर पोरी द्यायच्या कुठं आम्ही?"

मी मुलीचा हात धरून उजेडात नेला. नखं कागदासारखी पांढरी होती. हात गार होता. गार आहे, असं मी मनात नोंदवलं. आजोबांचा हात हॉस्पिटलमध्ये असाच धरला होता आणि तेव्हाही मी फक्त नोंदवलं होतं.

त्यांनी पाजलेल्या औषधाने तेव्हाचे जंत पडले, पण मुलगी त्याच वाडीत, त्याच ओल्या पाटांत अनवाणी फिरत होती. चिखलात चपला रुततात, म्हणून वाडीत चपला कुणीच घालत नाही. शाळेत सगळे घालतात. माझ्या रजिस्टरमध्ये शाळेतल्या चपला होत्या.

तुम्हाला वाटेल आजी तशीच उठून तुळिंजला गेली. नाही गेले. दहा-अकरा दिवस मी काहीच केलं नाही. कपाटातली वर्तमानपत्रं बदलली. डॉक्टरला सांगितलं तर त्या बाईचा विश्वास मोडणार होता, आणि न सांगितलं तर पांढऱ्या डागातल्या एकाही मुलाला गोळी मिळणार नव्हती, किती वर्षं ते कुणी सांगावं. दोन्ही गोष्टी मला स्पष्ट दिसत होत्या, परक्याच्या घरातलं सामान दिसावं तशा. कुठलीही टोचत नव्हती. मी का हलले तेही मोठं काही नाही. पुढच्या मंगळवारी बाई भाजी घेऊन आली नाही, शुक्रवारीही आली नाही. सोमवारी शेजारीण म्हणाली, तिच्या पोरीला दवाखान्यात ठेवलंय, रक्त चढवतायत. मी पर्स उचलली आणि रिक्षा केली.

डॉक्टरने माझं सगळं ऐकून घेतलं. तिने मला काही बोलायच्या आधी दार लावलं, आतल्या मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून. ते मला कळलं.

"टीचर, ही मुलं नकाशात नसती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "रिकामी जागा असती तर कॉम्प्युटरनं शेजारच्या गावांवरून काहीतरी रंग दिला असता, थोडाफार बरोबर. पण शून्य म्हटल्यावर तो शून्यच धरतो, आणि शेजाऱ्यांवरही उतरवतो."

"मग ते पान काढून टाका."

"सगळ्यांत नीट ठेवलेलं पान आहे हो ते."

"काढून टाका."

पान फाडायचं नसतं. त्यावर आडवी रेघ मारून खाली कारण लिहून सही करायची असते. ती म्हणाली, नुसतं 'नमुने बाद' लिहिलंत तरी चालेल. मी लिहिलं, 'माझ्या पंधरा दिवस आधीच्या नोटिशीमुळे गावात आधीच औषध दिलं गेलं. नमुने ग्राह्य धरू नयेत.' पेन नीट चाललं. अक्षरही बिघडलं नाही.

मग पुन्हा गावात जायचं होतं. डब्या आदल्या संध्याकाळी, सभा नाही, नोटीस नाही. मी म्हटलं, बायांना मी सांगेन. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभी राहिले. दवाखान्यातून परत आलेली मुलगी आईच्या कडेवर होती, चौथी संपवून पाचवीत गेलेलं मूल कडेवर.

"सांगितलंत शेवटी," आई म्हणाली.

"सांगितलं."

"एवढं शिकलेल्या तुम्ही, आणि पोटात एक गोष्ट राहत नाही."

मी डब्यांची पिशवी उघडली. दुसरी एक म्हातारी म्हणाली, "अगं, राहू दे. पोटात ठेवून तुझ्या पोरीचं काय झालं ते दिसतंय की." त्यावर कुणी हसलं नाही. पण डब्या सगळ्यांनी घेतल्या.

या वेळी डब्या कशाही आल्या. काही अर्ध्या, काहींवर माती, दोन तर दह्याच्या प्लास्टिकच्या भांड्यांत. तीन मुलं आलीच नाहीत. त्यांच्या डब्या मी घरी जाऊन आणल्या, आणि येता येता वाडीतल्या पायांकडे बघून चपलांचा रकाना नव्याने भरला. मायक्रोस्कोपवरच्या मुलींना त्या दिवशी जेवायला उशीर झाला, इतकं मोजायचं होतं. ज्यांच्यात अंडी सापडली त्या सगळ्यांना आठवड्याच्या आत शाळेत गोळी दिली, रक्त वाढायच्या लाल गोळ्याही दिल्या. भाजीवालीच्या मुलीने गोळी चावली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "खडूसारखी आहे." तिला ती आवडली असावी.

आई तीन महिने आमच्या इमारतीत आली नाही. मी बाजारातून भाजी आणत होते. दिवाळीच्या सुमाराला एके दिवशी टोपली घेऊन दारात उभी राहिली आणि काही झालंच नाही अशी वांगी काढायला लागली. मुलगी बरी होती. चुना खायचा सोडला होता, आता जेवायला दोनदा मागते अशी तक्रार होती.

नवा नकाशा आठवड्यापूर्वीच आला होता. त्याची एक प्रत माझ्या टेबलावर होती. मी तिला आत बोलावलं आणि दाखवला.

"आमचं गाव कुठंय?"

मी बोट ठेवलं. चौकट लाल होती. शेजारच्या नारिंगी.

तिने वाकून पाहिलं. "नाव कुठं लिहिलंय?"

"नावं नाहीत. नुसते रंग आहेत."

"कुणाचंच नाव नाही?"

"नाही."

ती सरळ झाली. "हे त्या सभेत सांगायचं होतं ना, टीचर. एवढी पोरं ओकली असती का?"

खरं होतं. त्या दिवशी नाव कुठे जाईल असं तिने विचारलं होतं आणि मी रजिस्टरबद्दल बोलले होते. रजिस्टर कपाटात राहतं, त्यातली नावं बाहेर जात नाहीत, हे मला सांगायला सुचलंच नाही. माझ्या दृष्टीने ते उघड होतं. हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली, माफ केलं की नाही ते कळलं नाही, आणि पुन्हा नकाशाकडे वळली. बोट खाली खाली नेत रत्नागिरीपर्यंत पोचली. तिथे तीन-चार ठिकाणी पांढऱ्या चौकटी होत्या.

"आणि ही?"

"तिथे जंत सापडले नाहीत."

"असं?" ती म्हणाली. "तिथं कोण टीचर होती?"

मला माहीत नव्हतं. तिने तराजू उचलला, अर्धा किलो वांगी मोजली, वर दोन मिरच्या टाकल्या आणि गेली. मी चहा केला. तो फार गोड झाला होता, मी अर्धा ओतून दिला. दुसऱ्या दिवशी तुळिंजला जाऊन मी पांढऱ्या गावांची रजिस्टरं काढून घेतली, प्रत्येक शाळेचा फोन नंबर शोधला आणि डब्या येण्याच्या किती दिवस आधी कळवलं होतं ते विचारायला बसले. पहिल्या शाळेत फोन कुणी उचलला नाही. दुसऱ्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, थांबा, बघून सांगते, आणि मी पेन उघडून थांबले.